ठासणीच्या बंदुकीची रास्त किंमत किती? मदत हवी आहे

घोडबंदरकर: नौपाड्यात ओळखीच्या काकांकडे जुनी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक आहे. १,८०,००० मागतायत. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे, रविवारपर्यंत कळवायचंय. किंमत बरोबर आहे का? प्लीज लवकर सांगा.

नेरूळचा_संग्राहक: तोड्याची (पेटत्या वातीची), चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीची) की टोपीची (घोड्याखाली फुटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीची)? लॉकवर, म्हणजे घोडा बसवलेल्या बाजूच्या पट्टीवर, काही कोरलंय? फोटो कुठायत?

घोडबंदरकर: टोपीची. लॉकवर मागच्या पायांवर उभा सिंह, पंजात मुकुट. अशीच एक लंडनच्या लिलावात याहून महाग गेली, असं काका दाखवतात.

नेरूळचा_संग्राहक: तो ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह. पण लंडनचा भाव इथे धरू नका. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते, खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. गिऱ्हाईक इथलंच, तर भावही इथलाच. आणि नकला खूप फिरतात. टोपी बसते त्या जागेभोवती नळीला गंजाचे खड्डे हवेत, टोपीतली दारू लोखंड खाते. सगळीकडे एकसारखा गंज असेल तर तो ॲसिडचा समजा. अधिकच्या खुणेचे स्क्रू दिसले तर ते १९३० नंतरचे.

माणगावकर_भाऊ: एवढे पैसे? आमच्या गावी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघरी ठासणीच्या आहेत. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला रांग लागते. वानरांनी यंदा नारळ ठेवले नाहीत.

कळव्याचा_वकील: भावाचं नंतर. चालू आहे का ती? शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४५ची परवान्यातून सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला आहे. नळी वेल्डिंगने बुजवून घ्या.

नेरूळचा_संग्राहक: वकीलसाहेब, वेल्डिंग केलं की संग्राहकाच्या लेखी ती भंगार! असला सल्ला देऊ नका.

कळव्याचा_वकील: आणि पोलीस केस झाली तर तुम्ही येणार का जामिनाला?

ढालतलवार_प्रेमी: त्यापेक्षा धोप घ्या. मराठी माणसाच्या घरात तीच शोभते.

घोडबंदरकर: तलवार नकोय हो. घोडा चढतो, चाप ओढला की पडतो. परवाना काकांच्या वडिलांच्या नावावर होता.

कळव्याचा_वकील: होता? वडील हयात आहेत का? नसतील तर काकांनी स्वतःच्या नावावर परवाना घेतला का? तुमच्याकडे आहे? आधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. तोवर बयाणा देऊ नका.

नेरूळचा_संग्राहक: यात वकिलांचं ऐका. कागद नसलेल्या चालू बंदुकीला मी एक रुपयाही देणार नाही. लॉकचे फोटो मात्र टाकाच.