मराठीचा तास आला की एक मुलगा बिथरतो, काय करावं?

पाचवी_ब: सोलापुरात अशोक चौकाकडच्या एका शाळेत पाचवीला शिकवते. वर्गातला एक मुलगा तोंडी हिशेब माझ्याआधी करतो. पण मराठीचा तास लागला की शेजारच्या मुलीची वही फाडणार, पट्टीनं मारणार, बाकाखाली शिरणार. परवा कंपासपेटी खिडकीतून भिरकावली. घरी तेलुगू. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. आईला बोलावलं की तिच्या त्या दिवसाच्या विड्या बुडतात, मग ती आल्या आल्या सगळ्यांसमोर त्याला धपाटा घालते. मुख्याध्यापक म्हणतात, दाखला द्या. स्टाफरूममध्ये सल्ला, दोन ठेवून द्या, सरळ होईल. मला दोन्ही नकोय. पण बाकीच्या मुलांचे पालकही तक्रारी घेऊन येतात.

जुना_खडू: मॅडम, आधी कायद्याचं उरकून घेऊ. शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम १६ प्रमाणे आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी. मुख्याध्यापकांच्या टेबलावर प्रत ठेवा, वाद घालत बसू नका.

आता पोराकडे या. एक वही करा, तीन रकाने. आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, लगेच पुढे काय झालं. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. माझा अंदाज, तिथे बहुतेक वेळा 'वर्गाबाहेर उभं केलं' असंच येईल. मोठ्यानं वाचायची पाळी त्याच्यापर्यंत येणार, तेवढ्यात कंपासपेटी गेली आणि पाळी टळली. त्याच्या हिशेबानं सौदा फायद्याचाच, आणि हिशेबात तो पक्का आहे हे तुम्हीच सांगताय.

मी कुंभारीकडे विडी कामगारांच्या वस्तीत शिकवायचो. एका मुलीच्या वाचनाच्या तासालाच पोटात दुखायचं. तिला आदल्या दिवशी दोनच ओळींवर पेन्सिलीनं खूण करून द्यायचो, 'उद्या एवढंच तुझ्याकडे, घरी अक्कासमोर वाचून ये.' दुखणं कमी झालं. परीक्षेच्या आठवड्यात मात्र यायचंच.

आईला शाळेत बोलावणं थांबवा. विड्या द्यायला ती कारखान्यात जाते, त्या वाटेवर गाठा. आणि पहिलं वाक्य गणिताचं बोला.

विशेष_शिक्षिका: सरांच्या वहीला एक जोड. डोळे आणि कान तपासलेत का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना हे मूल मुद्दाम दाखवा. हिशेब तोंडी पक्का आणि वाचन अडतं, तर अध्ययन अक्षमता असू शकते, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ती धरली आहे. पण घाईनं शिक्का नको. पाचवीपर्यंत आलाय, तर तो मराठी बोलतो कशी ते बघा. गोष्ट ऐकून नीट सांगत असेल आणि जोडाक्षराशीच अडत असेल, तर अडचण वाचनाची. गोष्टच कळत नसेल, तर भाषेचीच तयारी कमी आहे. चाचणी करायची झाली तर तेलुगू येणारं माणूस हवंच.

तुम्हाला स्वतःला कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे.

दोन_मुलींची_आई: सगळं खरं. पण ज्या मुलीची वही फाडली तिचं काय? तिला कुणी विचारलं का?

जुना_खडू: ताई, बरोबर बोललात. ती वही त्यानंच चिकटवून द्यायची. मॅडमनी शेजारी बसायचं, पण लेक्चर द्यायचं नाही. आणि त्या मुलीला काही दिवस दुसऱ्या बाकावर बसवा, तिला विचारून.

पाचवी_ब: वही सुरू केली. तिसरा रकाना तुम्ही म्हणालात तसाच भरतोय, सर. दोन ओळी देताना अर्थ तेलुगूत सांगू का? मला येत नाही, वर्गातली एक मुलगी सांगेल.

जुना_खडू: अर्थासकटच द्या. पण मधल्या सुट्टीत, वर्गासमोर नको.