कॅन्सरची नोंद आणि विम्याचं बिल जोडावं का? आणि जोडलं तर संशोधकाच्या हाती कसं द्यावं?

येऊर
(संपादित: मावशीच्या गावाचं नाव आणि दिवसांचा नेमका आकडा काढला. कारण खाली चर्चेत आहे.)

मी सांख्यिकीत काम करते, कॅन्सरवरच्या संशोधनात. गेल्या काही वर्षांत माझे सर्वांत जास्त तास ज्या माहितीवर गेले ती अमेरिकेतल्या वयस्कर माणसांची आहे. आणि माझी सख्खी मावशी ठाणे जिल्ह्यातच राहते. तिची गाठ हाताला लागली त्या दिवसापासून ऑपरेशन होईपर्यंत शंभराच्या वर दिवस गेले. ते मी कॅलेंडरवर मोजले, कारण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. मावशीनं विचारलं, "सगळ्यांनाच एवढे लागतात का गं?" मला उत्तर देता आलं नाही. तिकडच्या सत्तरीच्या बाईबद्दल कोणी विचारलं असतं तर आकड्यानिशी सांगितलं असतं.

तिकडे 1973 पासून सीअर नावाची कॅन्सर नोंदणी आहे. कोणाला कुठला कॅन्सर, कुठल्या टप्प्यावर, कधी कळला हे त्यात असतं. मेडिकेअर हा पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा. तपासणी, ऑपरेशन, केमो, लाइट (रेडिएशन), सगळ्याची बिलं त्याच्याकडे. नोंदणीला पुढचे उपचार नीट माहीत नसतात आणि बिलाला टप्पा माहीत नसतो. 1991 साली या दोन वह्या पहिल्यांदा जोडल्या गेल्या, तेव्हापासून त्या वेळोवेळी जोडल्या जातात.

यातून काय निघतं त्याचं एकच उदाहरण देते. फुप्फुसाचा कॅन्सर लवकर सापडला तर ऑपरेशन करतात. 1999 साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये याच जोडलेल्या माहितीवरचा अभ्यास आला. अशा टप्प्यावरच्या गोऱ्या रुग्णांपैकी 76.7 टक्क्यांचं ऑपरेशन झालं होतं, काळ्या रुग्णांपैकी 64 टक्क्यांचं. ज्यांचं झालं त्यांच्यात दोन्ही गटांचं जगणं जवळपास सारखंच होतं. म्हणजे माणसं टेबलापर्यंत पोचतच नव्हती. नुसत्या नोंदणीतून किंवा नुसत्या बिलांतून हे इतकं स्पष्ट दिसलं नसतं.

ही माहिती मागायची पद्धतही सांगते. प्रश्न लिहून द्यायचा. त्या प्रश्नाला लागतील तेवढ्याच फायली मागायच्या. नैतिक समितीचं पत्र जोडायचं. करारावर सह्या करायच्या: कोणाची ओळख शोधणार नाही, दुसऱ्याला देणार नाही, काम संपलं की नष्ट करीन. फी भरायची. लेख छापण्याआधी दाखवायचा. तक्त्याच्या कुठल्याही घरात 11 पेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा छापायचा नाही. वेळ लागतो, चिडचिड होते, पण नियम सगळ्यांना एकच.

आपल्याकडे मुंबईची कॅन्सर नोंदणी 1963 पासून आहे आणि आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम 1981 पासून. राज्याची जन आरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, नंतर तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. म्हणजे दोन्ही वह्या आपल्याकडेही आहेत, पण त्यांची एकमेकींशी कधी गाठ पडत नाही. मी एका कार्यालयाकडे अशा माहितीसाठी रीतसर अर्ज केला होता. वर्ष उलटलं. नकारही आला नाही. शेवटी एकानं हळूच विचारलं, "आत तुमचं कोणी ओळखीचं आहे का?"

माझं म्हणणं असं: या वह्या जोडाव्यात, कुलपात ठेवाव्यात, आणि कुलूप उघडायचा नियम लिहून सगळ्यांसमोर टांगावा.

रेतीबंदर
ताई, तुमची तळमळ पोचली, पण मी ठाम विरोधात आहे. महापेला माहिती-सुरक्षेचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाव काढलं की माणूस लपत नाही. 1990 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्याची माहिती नावं काढून संशोधकांना दिली होती. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं 20 डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग, पिनकोड एवढ्यावर खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या. तीही विम्याचीच माहिती होती.

आपल्याकडे तर वहीच सांभाळता येत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, कित्येक दिवस केसपेपर हातानं लिहावे लागले. आणि 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे. अट अशी की त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट माणसाबाबत निर्णय घ्यायचा नाही आणि सरकारी निकष पाळायचे. ऐकायला बरं वाटतं. पण उद्या ऐरोलीत अमुक कॅन्सर जास्त म्हणून 400708 पिनकोडचा हप्ता वाढला, तर तो कुठल्या विशिष्ट माणसाबाबतचा निर्णय? कोणाच्याच नाही. भरणार मात्र सगळी ऐरोली.

शेवटचं, जरा कडू आहे. तुम्ही वर मावशीचं गाव लिहिलंय, किती दिवस लागले तेही लिहिलंय. लहान गाव आहे. तिथल्या कोणी हा धागा वाचला तर ती बाई कोण हे कळायला किती वेळ लागेल? तुम्ही तर या कामातल्या, तिच्यावर माया करणाऱ्या. तुमच्याकडून हे होतं, मग बाकीच्यांचं काय?

येऊर
रेतीबंदर, तुमचं वाचल्यावर माझे हात गार पडले. गाव आणि आकडा काढून टाकलाय. बाकीचं संध्याकाळी लिहिते.

जुनी_वही
मी नोंदणीच्या कामात आयुष्य घालवलं. आता नवी मुंबईत मुलाकडे असते. तुम्ही दोघं माहिती द्यावी की देऊ नये यावर भांडताय. आधी जोडून तर दाखवा.

आपल्याकडे नोंदणीवाला टेबलाशी बसून राहत नाही. रुग्णालयांत जायचं, लॅबचे रिपोर्ट बघायचे, महापालिकेत मृत्यूच्या नोंदी चाळायच्या. एकच माणूस तीन ठिकाणी सापडतो, तो तीनदा मोजला जाऊ नये म्हणून नाव, वय, पत्ता जुळवत बसायचं. तिकडे सोशल सिक्युरिटी नंबर, नाव, लिंग, जन्मतारीख यांवर जोडणी होते, पासष्टीपुढच्या शंभरातले नव्वदहून जास्त जुळतात. इथे? ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या गावठाणांत संगीता पाटील आणि मंदा म्हात्रे किती असतील, मोजा. लग्नात बाईचं आडनाव बदलतं, पुष्कळदा नावही. केसपेपरवर सासरचं, रेशनकार्डावर माहेरचं. उपचाराला भावाकडे राहते म्हणून पत्ता भावाचा. आणि जन्मतारीख! माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेला. मी एकदा दिवसभर बसून एकाच नावाच्या, 1 जूनच्या दोन बायका वेगळ्या केल्या होत्या. एकीच्या कागदावर डावा स्तन, दुसरीच्या उजवा. तेवढाच फरक. एकीचं निधन झालं होतं. चुकले असते तर जिवंत बाई कागदावर मेली असती.

आणखी एक. मुंबईची नोंदणी म्हणजे बृहन्मुंबईची. मुलुंड चेकनाका ओलांडला की माणूस तिच्या हिशेबात येत नाही. आणि वर्षभर त्या भागात राहत असेल तरच तो तिथला रहिवासी धरायचा. खारघरला उपचारासाठी खोली घेऊन चार महिने राहिलेला बीडचा माणूस खारघरचा होत नाही, आणि ते बरोबरच आहे.

माझा विरोध नाही. पण जोडणीत किती नोंदी जुळल्या आणि किती चुकल्या हे छापल्याशिवाय कोणाला एक ओळसुद्धा देऊ नये.

खाडीपूल
आरोग्यमित्र आहे, एका रुग्णालयात योजनेच्या टेबलावर बसतो. जुनी_वही ताई जे म्हणाल्या त्यात माझी भर.

बिल म्हणजे झालेला उपचार, असं समजू नका. बिल म्हणजे पॅकेज, उपचाराचा आधीच ठरलेला दर. रुग्ण रेशनकार्ड, आधार घेऊन येतो, पूर्वपरवानगीला कागद चढतात, मंजुरी येते, मग उपचार, मग क्लेम. त्याआधीची सोनोग्राफी, बायोप्सी, दोन-तीन डॉक्टरांच्या चकरा हे बहुतेक वेळा माणूस खिशातून भरून आलेला असतो, ते आमच्याकडे कुठेच नाही. पूर्वी मर्यादा दीड लाख होती, आता 5 लाख आहे. दीड लाख होती तेव्हा पैसे संपले की पुढचे केमो लोक रोख भरून घ्यायचे, किंवा घ्यायचेच नाहीत. आमच्या संगणकावर दोघंही सारखेच दिसतात. क्लेम बंद, एवढंच. उद्या कोणी लिहील की ठाण्यातल्या रुग्णांनी उपचार अर्धवट सोडले. सोडले नव्हते हो, मंगळसूत्र मोडून पुरे केले होते. मी पाहिलंय.

अशा माहितीवर लेख लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा, असं माझं मत.

येऊर
खाडीपूल दादा, इथे मी तुमच्याशी असहमत आहे. तुम्ही सांगताय तेच मला जोडणीच्या बाजूचं वाटतं. गाठ कधी निदान झाली हे बिलात नाही, पण नोंदणीत निदानाची तारीख असते. उपचार कधी सुरू झाला हे नोंदणीत कच्चं असतं, ते बिलात पक्कं असतं. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर या दोन तारखांच्या मधे आहे. रोख भरलेलं दिसत नाही हे खरंच. तिकडेही खासगी योजनेत गेलेल्या वृद्धांची बिलं वर्षानुवर्षं या माहितीत नव्हती. ज्यांचं चित्र अर्धं आहे त्यांना वेगळं काढायचं आणि तसं लेखात स्पष्ट लिहायचं, हा तिथे रिवाज पडला. मंगळसूत्राचं तुम्ही इथे लिहिलंत ते अशा प्रत्येक लेखात यायला हवं, आणि ते यायचं तर माहिती कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीवर तुमच्यासारखा माणूस हवा.

जुनी_वही ताई, तुमची अट शब्दशः मान्य.

रेतीबंदर, वेल्ड यांची माहिती संशोधकांच्या हातात दिली गेली होती, तिथेच चूक झाली. हातात द्यायचीच कशाला? डेन्मार्कमध्ये संशोधक दुरून आत शिरून काम करतो, माणसांच्या नोंदी बाहेर येत नाहीत. तैवानमध्ये तर ठरलेल्या केंद्रात जाऊन बसायचं, बाहेर फक्त तपासलेले तक्ते येतात. आपणही खारघरला नाहीतर ठाण्यात अशी एक खोली करावी.

रेतीबंदर
तैवानची अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथल्या काही नागरिकांनी आणि संघटनांनी 2012 पासून कोर्टात झगडा दिला: आमची विम्याची माहिती आम्हाला न विचारता संशोधनाला का देता? ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं निकाल दिला. संशोधन थांबवा असं नाही म्हटलं. पण माणसाला "माझी वगळा" म्हणायचा हक्क कायद्यात नाही हे घटनाबाह्य आहे, तीन वर्षांत कायदा करा, असं सांगितलं. म्हणजे खोली होती, कुलूप होतं, तरी लोक दहा वर्षं भांडले.

इंग्लंडचंही तसंच. केअर डॉट डेटा म्हणून दवाखान्यांतल्या नोंदी एकत्र करायची योजना आणली. लोकांना नीट सांगितलंच नाही. 2014 मध्ये थांबवावी लागली, 2016 मध्ये गुंडाळली. त्यात खऱ्या संशोधनाचंही नुकसान झालंच ना?

खोलीला माझा विरोध कमी होतोय, हे कबूल करतो. पण "माझी वगळा" हा हक्क पहिल्या दिवसापासून हवा, आणि वगळलं म्हणून योजनेचा लाभ एका पैशानंही कमी होणार नाही हे लेखी हवं. हे नसेल तोवर माझा विरोध कायम.

घणसोलीची
मी पेशंट आहे. गेल्या वर्षी केमो झाले, नंतर लाइटचे 25 दिवस. तुम्ही सगळे शिकलेले लोक आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहिते.

अॅडमिट होताना माझ्यापुढे सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा ठेवला होता. सगळं इंग्रजीत. एक बोट खाली दाखवायचं, मी सही करायची. त्यातला एखादा संशोधनाचा होता की काय, मला आजही माहीत नाही. माझी माहिती कोणाच्या कामी येत असेल तर न्या, खुशाल न्या. मी जे भोगलं त्यातून दुसरीचे चार दिवस वाचले तर मला हवंच आहे. पण मला एकदा मराठीत विचारा. तेही निदान सांगितलं त्या दिवशी विचारू नका. त्या दिवशी मी कशालाही हो म्हटलं असतं. तिसऱ्या-चौथ्या केमोला विचारा, तेव्हा बाकड्यावर चार तास बसूनच असतो आम्ही.

खाडीपूल
घणसोली ताई, गठ्ठ्याचं बोललात ते खरं आहे. सही घेणारं बोट माझंही असतं. उद्यापासून निदान वाचून तरी दाखवीन.

येऊर
घणसोली ताईंचं तिसऱ्या-चौथ्या केमोचं मी या जोडणीच्या नियमांचा जो मसुदा लिहिते आहे त्यात तसंच घालते आहे. संमती कधी घ्यावी यावर मी खूप वाचलंय, पण बाकड्यावरच्या त्या चार तासांचा विचार मला कधी सुचला नव्हता. वगळण्याचा हक्कही घातला. पण रेतीबंदर, एक काळजी सांगते. शिकलेले, शहरी लोकच जास्त करून वगळून घेतील आणि चित्र वाकडं होईल. म्हणून किती जणांनी वगळलं हा आकडा दरवर्षी छापावा. तेवढं तुम्हाला पटेल का?

रेतीबंदर
आकडा छापायला हरकत नाही. कोणी वगळलं ते छापू नका. आणि खोलीची किल्ली ज्यांच्याकडे माहिती आहे त्यांच्याकडे नको, तिसऱ्याकडे द्या. त्या समितीत घणसोली ताईंसारखे निदान दोन रुग्ण असावेत, मत देण्याच्या अधिकारासह.

येऊर
मान्य. दोन्ही लिहून घेतलं.

काल रात्री मावशीला फोन केला. धाग्यावर तुझं लिहिलं होतं, गाव टाकलं होतं, चुकले, असं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गाठ लिही, दिवस लिही, डॉक्टरांनी काय केलं ते सगळं लिही. माझी ना नाही." हे तिला विचारूनच इथे टाकते आहे. ज्या एका घरी हे कळता कामा नये, त्या घराचं नावही तिनं घेतलं. ते मी इथे लिहीत नाही.