बी.आर्क. होताच आर्किटेक्ट म्हणून नोंदणी मिळावी का?

धागाकर्ता:
आपल्याकडे वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी हाती आली की वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये वास्तुकला परिषदेकडे अर्ज करून नोंदणी मिळते. मध्ये परीक्षा नाही आणि पदवीनंतरच्या अनुभवाची अटही नाही. अमेरिकेत यासाठी सहा भागांची परीक्षा आणि ३,७४० तासांच्या कामाची नोंद लागते. आपल्याकडेही डॉक्टरला कायम नोंदणीपूर्वी वर्षभर इंटर्नशिप करावी लागते.

गेल्या वर्षी माझ्या कार्यालयातील एका हुशार, नोंदणीकृत मुलाने काढलेल्या स्लॅबच्या नकाशात बाथरूमचा सन्क, म्हणजे पाईप बसावेत म्हणून खाली घेतलेला स्लॅबचा भाग, दाखवायचा राहून गेला. फरशीखालून सांडपाणी वाहून नेणारा नहाणी ट्रॅप बसायला जागाच नाही, हे प्लंबरने ओळखले तेव्हा सळई बांधून झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट पडणार होते. नकाशा मी तपासायला हवा होता, तो दोष माझाच. पण तोच मुलगा त्या दिवशीही स्वतःच्या सहीने स्वतंत्र काम घ्यायला कायद्याने मोकळा होता. म्हणून पदवीनंतर दोन वर्षांचा अनुभव आणि त्यानंतर परीक्षा सक्तीची करावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
मी तीन वर्षांपूर्वी पदवी घेतली आणि या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. अधिनियमाचे कलम ३७ केवळ ‘आर्किटेक्ट’ या उपाधीचे रक्षण करते. नोंदणी नसलेल्या माणसाला इमारतीचे आरेखन करण्यास ते मनाई करत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये नोएडा प्राधिकरणातील पदांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे तुमची अट लागू झाली, तर पाच वर्षे शिकलेली मुलगी आणखी दोन वर्षे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकणार नाही, आणि ज्याने वास्तुकलेचा एकही वर्ग पाहिलेला नाही तो मात्र बंगल्यांचे नकाशे काढतच राहील.

शिवाय ही दोन वर्षे कोणाच्या हाताखाली काढायची? पहिल्या नोकरीत मला मिळणारा पगार खोलीच्या भाड्यात आणि प्रवासात संपत असे, आणि आठ महिन्यांत मला साईटवर दोनदाच नेले गेले. अशा ठिकाणी अनुभवाच्या दाखल्यावरची सही हे मालकाच्या हातातील हत्यार होईल. ज्यांच्या घरचेच कार्यालय आहे, त्यांना तो दाखला घरबसल्या मिळेल.

प्रतिसाद २:
तालुक्याच्या गावी घर बांधणारा माणूस बहुधा परवानाधारक अभियंत्याकडे जातो, कारण नियमांत ठरवून दिलेल्या मर्यादेत त्याची सही नगरपालिकेला चालते. तिथे आर्किटेक्टची परीक्षा कठीण केल्याने कोणाचे घर सुधारणार आहे? आधी त्या मर्यादांचा विचार व्हावा.

धागाकर्ता:
कलम ३७ची मर्यादा खरी आहे आणि कायदा बदलायला हवा, याबाबत मी आपल्यासोबत आहे. दाखल्याबद्दलची भीतीही रास्त आहे. म्हणून मालकाच्या सहीऐवजी उमेदवाराने स्वतः ठेवलेली, साईटच्या तारखा आणि नकाशांसह असलेली नोंदवही परिषदेने तपासावी, आणि किमान विद्यावेतन ठरल्याखेरीज अट लागू करू नये, एवढी दुरुस्ती मी माझ्या सूचनेत करतो. परीक्षेचा आग्रह मात्र मी सोडणार नाही.

प्रतिसाद १:
नोंदवही मला मान्य आहे. परीक्षाही मी देईन, पण ती पदवीनंतर लगेच देता यावी आणि तिच्यात सन्क किती घ्यायचा, हे विचारलेले असावे. दोन वर्षे थांबायला माझा विरोध कायम आहे.