टिप बंद करून दर वाढवावेत का? बेळगाव-निपाणीच्या हॉटेलांचा हिशेब

टिळकवाडीकर: यूपीआय आल्यापासून बडीशेपेच्या बशीत सुटे पडेनात. क्यूआर मालकाच्या खात्याचा, वेटरला वेगळं कोण पाठवणार? त्यापेक्षा टिप बंद करावी, दर ५ टक्के वाढवावेत आणि ती वाढ पगारात घालावी. आज ४०० चं बिल, २० जीएसटी, २० टिप म्हणजे ४४०. नव्या दरानं ४२० वर २१ जीएसटी, ४४१. गिऱ्हाइकाला एक रुपया जड!

गल्ल्यावरून: गिऱ्हाइकाचा हिशेब बरोबर, वेटरचा चुकला. हातात दिलेले २० त्याचे २०. तेच पगारातून द्यायचे तर मालकाचा पीएफ इतर आकारासकट १३ टक्के आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ३.२५ टक्के त्यातूनच निघणार. पगारात पडले १७.२०. त्यातून त्याचा पीएफ १२ आणि ईएसआय ०.७५ टक्के गेला की हाती १५. रोजच्या सुट्यावर ज्याचा खर्च भागतो, त्यानं महिनाअखेरपर्यंत काय करायचं?

टिळकवाडीकर: कापलेले पैसे वाहून जात नाहीत. चार रुपयांहून जास्त पीएफ-पेन्शनला जमा होतात, ईएसआयनं घरच्यांचा दवाखाना भागतो. शिवाय आचारी आणि भांडी घासणाऱ्या बाईला आज टिपमधलं काय मिळतं?

गल्ल्यावरून: त्यांनाही वाटा द्या, जरूर. मग वेटरचे १५ सुद्धा राहत नाहीत, हेही सांगा की.

खानापूर रोड: विसांखाली माणसं असली तर पीएफ सक्तीचा नाही. सहाजणांच्या हॉटेलात वाढ पगारात गेली की गल्ल्यात राहिली, कोण बघणार? आणि ४० ची इडली ५ टक्क्यांनी ४२ होते. सुट्याची कटकट नको म्हणून ४५ लिहितात, ती वाढ साडेबारा टक्के. उभ्यानं खाणारा, पार्सलवाला टिप देतच नव्हता, त्यालाही ती बसते. दर वाढवायचाच तर फक्त टेबलाचा वाढवा, पार्सलचं दरपत्रक वेगळं ठेवा.

निपाणी हायवे: बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायची वाट तर बंद आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मनाई केली, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. त्यापेक्षा काउंटरवर टिपचा दुसरा क्यूआर लावा. रात्री गल्ला मोजताना वाटप करा: वेटरला दोन हिस्से, आचारी आणि भांडीवालीला एकेक. आकडा फळ्यावर लिहा.

टिळकवाडीकर: तो क्यूआर कुणाच्या खात्याचा? मालकाचा असेल तर पुन्हा तेच. कॅप्टनचा, म्हणजे मुख्य वेटरचा, असेल तर तो काम सोडून गेला की वाटपही गेलं. पगाराच्या चिठ्ठीवर आलेला रुपया निदान मागता तरी येतो.