योना भित्रा नव्हता
बायबलमधला संदेष्टा योना. देवाने त्याला निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलं, पण तो दुसरीकडेच पळाला. निनवेकरांच्या क्रौर्याला भिऊन पळाला, असं काही जण म्हणतात. पटत नाही. ऐन वादळात 'मला उचलून समुद्रात टाका' असं खलाशांना सांगणारा (योना १:१२) माणूस भित्रा कसला! खरं कारण तो स्वतःच ४:२ मध्ये देतो: देवा, तू कृपाळू, मंदक्रोध (लवकर न रागावणारा) आहेस हे ठाऊक होतं, म्हणूनच दूर तार्शीशला निघालो. म्हणजे देव निनवेला माफ करेल, हेच त्याला नको होतं. शब्द बायबलच्याच निर्गम या पुस्तकातले (३४:६). तिथे स्तुती, इथे चक्क तक्रार.

शिवाय निनवेला दिलेला त्याचा संदेश, 'आणखी चाळीस दिवसांनी निनवे उलथेल', मूळ हिब्रूत जेमतेम ५ शब्दांचा. शेवटचं क्रियापद 'हाफाख', म्हणजे उलथणं. देवाने नष्ट केलेल्या सदोम शहराच्या नाशासाठी हेच आलंय. पण त्याचा दुसरा अर्थ पालटणं. निनवेचा राजा पश्चात्तापाने राखेत बसला, गुरांनाही गोणपाट नेसवायचं फर्मान निघालं (३:६-८), म्हणजे शहर पालटलंच की. योनाला मात्र पहिलाच अर्थ हवा होता.