विषय: सोलापूर, डिस्प्रॅक्सिया असलेला मुलगा आणि कराटेचा क्लास

प्रेषक: सभासद, लेस्टर

नमस्कार मंडळी,

जूनपासून आम्ही वर्षभरासाठी सोलापूरला जातोय. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे आणि माझ्या ऑफिसने तिथून काम करायला परवानगी दिली आहे. घर जुळे सोलापुरात, शाळेचंही ठरलं. एका बाबतीत मात्र मार्ग सापडत नाहीये, म्हणून यादीवर विचारते.

धाकट्याला (वय 8) इथे डिस्प्रॅक्सियाचं, म्हणजे शरीराच्या हालचालींचा मेळ बसवणं अवघड जाण्याचं, निदान झालं आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टने मूव्हमेंट एबीसी चाचणी घेतली होती. भोकांत खुंट्या बसवणं, दोरी ओवणं, चेंडू झेलणं, एका पायावर तोल सांभाळणं, असं सगळं त्यात होतं. बोलण्या-वाचण्यात तो वयाच्या पुढे आहे. पण शर्टाची बटणं, बुटांच्या नाड्या, जिना उतरणं, प्रत्येक ठिकाणी त्याची दमछाक होते. शाळेत खेळाचा तास असला की सकाळीच पोटात दुखायचं. गेल्या वर्षी छोट्या बॅचमध्ये कराटेला घातलं आणि ही एकच जागा अशी निघाली, जिथे तो स्वतः पिशवी भरून दारात उभा राहतो.

सोलापूरच्या एका क्लासला फोन केला, तर ‘आमच्याकडे स्पर्धेची मुलं असतात, याला जमणार नाही’ असं सांगून फोन ठेवला. मामेसासऱ्यांचं म्हणणं, तालमीत घाला, दोन महिन्यांत अंग सुटेल. माझा जीव टांगणीला लागलाय. जे मिळालंय ते तुटू नये एवढंच वाटतं. कराटेच चालू ठेवावं का? क्लास कसा पारखावा? कुणी तिथलं असेल तर जरूर लिहा.

धाकट्याची आई


प्रेषक: जुने सभासद, होटगी रोड, सोलापूर

ताई, नमस्कार.

मी बर्मिंगहॅमला होतो तेव्हापासून या यादीवर आहे. आता इथेच असतो आणि सकाळी मुलांना कराटे शिकवतो. माझ्या बॅचमध्ये तुमच्या मुलासारखी मुलं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कराटे चालू ठेवाच. पण इथे क्लास शोधताना कराटे, तायक्वांदो की ज्युदो हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी शिकवणारा माणूस बघा आणि एका माणसामागे मुलं किती आहेत ते बघा.

या मुलांना हे का मानवतं, ते सांगतो. गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडू कुठे टप्पा घेईल, बॅटपर्यंत कधी पोचेल, याचा अंदाज बांधून हात आधीच हलवावा लागतो. डिस्प्रॅक्सियात हाच अंदाज कच्चा असतो. मूल आळशी नसतं, घाबरटही नसतं. हात निघतो तोवर चेंडू यष्टीरक्षकाकडे गेलेला असतो. वर दोन कॅप्टन पोरं निवडतात आणि शेवटी एकटं उरलेलं मूल सगळ्यांना दिसतं. काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, करताना समोरून काहीच अंगावर येत नाही. वेग मुलाच्या हातात असतो. हेइआन शोदान या सुरुवातीच्या कातात 21 हालचाली आहेत, त्याच क्रमाने, त्याच दिशांना. आज चौथीवर अडलं तर उद्या चौथी तिथेच असते.

पण शिकवणाऱ्याने ‘बघा आणि करा’ म्हणून भागत नाही. बाकीची मुलं बघून उचलतात, या मुलांना ते उचलता येत नाही. आमच्या हॉलला शहाबादी फरशी आहे. गेदान बाराई, म्हणजे खाली अडवण्याची पहिली हालचाल, आम्ही त्या फरशीवर शिकवतो. डाव्या मनगटाला लाल फीत. दोन्ही पाय एका फरशीत. आधी फक्त डावा पाय पुढच्या फरशीच्या सांध्यावर ठेवायचा आणि थांबायचं. हात कमरेवर, त्यांचं अजून काही काम नाही. पाय बसला की गुडघा वाकवायचा, खाली बघितल्यावर अंगठा गुडघ्याआड गेला पाहिजे. हे अंगवळणी पडलं की मग डावी मूठ उजव्या कानापाशी, तिथून गुडघ्याच्या वर. उजवी मूठ मागे ओढणं सगळ्यात शेवटी, कारण दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करणं या मुलांना सर्वांत अवघड जातं. इतर मुलं हे एका तासात करतात. इथे महिना लागू शकतो, आणि तो महिना देणारा माणूस तुम्हाला शोधायचाय. आणखी एक, मी त्या मुलाच्या समोर उभा राहत नाही, शेजारी राहतो. समोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं दिसतं आणि पोर गोंधळतं.

कॅनडात विकसित झालेल्या को-ऑप नावाच्या पद्धतीत मुलाला चार गोष्टी स्वतःच्या तोंडाने बोलायला लावतात: काय करायचंय, कसं करणार, केलं, जमलं का. मी हे क्लासमध्ये रोज वापरतो. ‘सर, माझा पाय सांध्याच्या अलीकडे पडला’ असं मूल स्वतः म्हणालं की पुढच्या वेळी पाय बरोबर पडण्याची शक्यता खूप वाढते. मी ओरडून सांगितल्याने तेवढं होत नाही.

आता अपेक्षेबद्दल, कारण पालक इथेच फसतात. हाँगकाँगला 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा 44 मुलांपैकी 21 जणांना तीन महिने रोज तायक्वांदो शिकवलं आणि त्यांचा तोल सुधारला. चांगली गोष्ट आहे, पण त्यात मोजला होता तोल. कराटेने अक्षर सुधारेल, बटणं लागतील असं कुणी सांगत असेल तर त्याच्या क्लासला जाऊ नका. बटणं बटणं लावूनच येतात, सायकल सायकल चालवूनच. या मुलांना जे यायला हवं, नेमकं तेच शिकवायचं, असं आता या क्षेत्रातली तज्ज्ञ मंडळी सांगतात. मुळात कराटेसाठी एवढं कारण पुरे की मूल हौसेने हालचाल करतं, दमतं आणि चार पोरांत वावरतं. अंगमेहनतीपासून दूर राहून राहून ही मुलं मोठेपणी अधिकच दुबळी पडतात, ते टळलं तरी फार मिळवलं.

मामांना तालमीबद्दल नम्रपणे नाही म्हणा. कुस्तीत समोरच्याचं वजन क्षणाक्षणाला सरकतं, तेही चेंडूइतकंच अनपेक्षित. आणि ‘दोन महिन्यांत अंग सुटेल’ हे ऐकून पोराची उमेद जाते, कारण ते असं सुटत नाही. बहुतेकांच्या बाबतीत हे आयुष्यभर सोबत राहतं. ज्युदो मात्र मनात असू द्या. जिगोरो कानोंनी 1882 मध्ये सुरू केलेल्या या प्रकारात पडायला शिकणं पहिल्यांदा येतं. सारख्या पडणाऱ्या मुलाने हनुवटी छातीला लावून नीट पडायला शिकावं, याचा शाळेच्या जिन्यावरही उपयोग आहे. फक्त खाली जाड मॅट हवीच, फरशीवर किंवा सतरंजीवर ज्युदो नको.

क्लास बघायला जाल तेव्हा मुलाला सोडून एकट्या जा आणि अर्धा तास कोपऱ्यात बसा. एखादं पोर चुकीच्या दिशेला वळलं की सर काय करतात ते बघा. बाकीची मुलं हसली आणि सर पण हसले, तर चप्पल घालून निघा. चाळीस मुलं आणि एक सर असतील तरीही निघा. पत्र्याच्या शेडमध्ये किआईचा, म्हणजे वार करतानाच्या ओरडण्याचा, आवाज घुमतो, कानाला त्रास होणाऱ्या मुलाला तिथे बसवत नाही. बेल्टची परीक्षा दर तीन-चार महिन्यांनी सक्तीची असेल तर आधीच बोलून घ्या की हा तयार होईल तेव्हा देईल, गर्दीत नाही, वेगळी. कुमितेची, म्हणजे समोरासमोरच्या लढतीची, घाई नको. दोघांनी ठरवून, मोजून केलेले वार चालतात. यातल्या बऱ्याच मुलांचे सांधे सैल असतात. ठोसा मारताना कोपर पूर्ण ताणून झटका देत असेल तर सरांना लगेच सांगा, कोपर किंचित वाकलेलं राहू दे.

कागदांचंही बघून ठेवा. आपल्याकडच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, डिस्प्रॅक्सिया त्यात स्वतंत्र प्रकार नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत त्याचं नाव येतं. म्हणजे नुसता तिथला रिपोर्ट दाखवून इथे आपोआप सवलत मिळणार नाही. शाळेच्या बाईंना आणि क्लासच्या सरांना एका पानात, साध्या मराठीत लिहून द्या: याला काय जमतं, काय अवघड जातं, कसं सांगितलं की कळतं. त्या पानाचा उपयोग कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त होईल.

माझ्या बॅचमध्ये कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाकडे मराठी. इच, नी, सान हे जपानी आकडे सगळ्यांना सारखेच नवे. तुमच्या मुलाला ते तिथल्या क्लासमुळे येत असतीलच, तेवढ्याने पहिला दिवस सोपा जाईल. इथली पोरं त्याला ‘ये की बे, माझ्या शेजारी थांब’ म्हणतील, घाबरू नका, ते प्रेमाने असतं.

आपला,
होटगी रोड


प्रेषक: सभासद, नॉटिंगहॅम

दादा, ताई,

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. वरचं सगळं पटलं, एकच भर घालते, कारण ही यादी इतर पालकही वाचतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. अशा मुलाला ज्युदो, कोलांट्या, मान दाबली जाईल असं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. मान दुखणं, चाल बदलणं, हातापायांतली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही दिसलं तर क्लास थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. याचा अर्थ दारं बंद आहेत असा नाही. स्पेशल ऑलिंपिक्समध्ये ज्युदो आहे, आणि 2014 पासून कराटेच्या जागतिक स्पर्धेत बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा काताचा गट असतो.

ऑटिझमच्या मुलांसाठीही काता उपयोगी पडतो. इराणमध्ये 14 आठवडे काता शिकवल्यावर मुलांच्या त्याच त्याच हालचाली कमी झाल्याचं आढळलं होतं. अभ्यास छोटा होता, पण माझ्याकडच्या मुलांकडे बघून मला त्याचं नवल वाटत नाही. पुढे काय येणार हे माहीत असलं की ही मुलं शांत होतात.


प्रेषक: सभासद, लेस्टर

दादा, वहिनी, काय लिहू! मेल दोनदा वाचला, यांनाही मोठ्याने वाचून दाखवला. फरशीचं तर यांनी लगेच स्वयंपाकघरात करून बघितलं, आणि मुलगा स्वतः म्हणाला, ‘आता मला माझा पाय कुठे गेला ते दिसतंय.’ एक पानी पत्र आज रात्री लिहायला घेते.

अजून एक विचारते. सासरे गल्लीच्या गणपती मंडळात वर्षानुवर्षं लेझीम खेळले. नातवाला यंदा मिरवणुकीत उतरवायची त्यांची फार इच्छा आहे. याच्या डोळ्यांत पण ते आहे. जमेल का? का आधीच नाही म्हणू?


प्रेषक: जुने सभासद, होटगी रोड, सोलापूर

ताई, नाही म्हणू नका. सोलापूरचा पोरगा आणि लेझमीला नाही?

कातामध्ये वेग मुलाच्या हातात असतो हे मी लिहिलं, लेझमीत तो हलगीच्या हातात असतो. अवघड आहे ते तेवढ्यासाठी. म्हणून मंडळाचा सराव सुरू व्हायची वाट बघू नका. तुम्ही जूनमध्ये येताय, गणपतीला तेव्हा वेळ असतो. आजोबांनी अंगणात लेझीम न घेता फक्त पावलं शिकवावीत, तोंडाने ताल मोजत, त्याला झेपेल त्या संथपणे. पावलं न बघता पडायला लागली की हातात लेझीम, आणि तेव्हा पावलं बंद, जागेवर उभं राहून. दोन्ही एकत्र सगळ्यात शेवटी. आजोबांना सांगा, समोर नाही, शेजारी. एकच डाव नीट बसला तरी मिरवणुकीत तेवढ्या डावाला उतरू द्या, बाकी वेळ आजोबांबरोबर कडेने चालेल. मधल्या ओळीत ठेवा, म्हणजे पुढे बघायला कुणीतरी असतं. हलगीच्या अगदी जवळ नको. सरावाच्या वेळीच आवाज सोसतोय का ते कळेल.

माझी बॅच सकाळी सहाला असते. उन्हाळ्यात त्यानंतर हॉलमध्ये उभं राहवत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत बंद असते, अर्धी पोरं नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतात. त्याचा तिथला गणवेश धुऊन धुऊन मऊ झाला असेल, तोच आणा, इथला नवा कडक कापडाचा घेऊ नका. मानेमागचं लेबल कापून टाका. आणि बेल्टची गाठ त्याला येत नसेल तर वेल्क्रो लावून द्या. गाठ आपण वेगळी शिकवू, बसून, मांडीवर बेल्ट ठेवून.

पहिल्या दिवशी आजोबांनाही घेऊन या.