रायडिंग स्कूलमधील घोड्यांकडून काय अपेक्षा ठेवावी? (पुणे)

पाषाणकर_आई:
नमस्कार. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला घोडेस्वारी शिकायची आहे. आमच्या घरात घोड्यांशी कोणाचाही संबंध आलेला नाही. आम्ही पाहिलेले घोडे म्हणजे वरातीतले, नाहीतर माथेरानचे. शहराच्या पश्चिमेकडील दोन रायडिंग स्कूल पाहून आलो. एका ठिकाणी घोडा मुलीच्या टाचांना अजिबात दाद देत नव्हता. प्रशिक्षकांनी तोंडाने चुचकारले की मात्र लगेच चालू लागे. दुसऱ्या ठिकाणी तंग (खोगीर पोटाखालून बांधण्याचा पट्टा) आवळताना घोडीने कान मागे पाडले आणि दात विचकले. यांपैकी काय नेहमीचे आणि कशाची काळजी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खरारा:
पहिला प्रकार अगदी नेहमीचा आहे. शाळेचा घोडा दिवसभर नवशिक्यांना पाठीवर घेतो. त्यांतील बहुतेकांच्या टाचा तोल सावरताना नकळत त्याच्या बरगड्यांवर आपटत असतात. अशा प्रत्येक धक्क्याला तो पुढे धावू लागला, तर मुले रोज पडतील. म्हणून तो निरर्थक धक्क्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि ज्याचे ऐकायचे तो माणूस मैदानाच्या मध्यभागी उभा आहे, हेही त्याला पक्के ठाऊक असते. यात हट्टीपणा काही नाही. पोटरीने एकदाच, स्पष्टपणे सांगणे आणि त्याने पाऊल उचलताच दाब सोडणे मुलीला जमू लागले की हाच घोडा तिचे ऐकू लागेल. पहिले काही महिने तिने घोड्याला चालवले यापेक्षा घोड्याने तिला सांभाळून घेतले, असेच म्हणावे लागते आणि त्यासाठी असा शांत, वयाने पोक्त घोडा उत्तम. तो फाटकाजवळ आला की रेंगाळेल, दुसऱ्या घोड्यामागे आपोआप जाईल, लगाम सैल मिळाला की मान खाली घालून गवत ओढेल. कळपात राहणाऱ्या आणि जवळजवळ दिवसभर चरण्यासाठी घडलेल्या प्राण्याकडून हे होणारच.

दुसरा प्रकार मात्र मी सहज सोडून देणार नाही. तंग एकदम करकचून आवळण्याच्या सवयीमुळे काही घोडे आधीच चिडतात, हे खरे. पण खोगीर नीट न बसणे, पाठीचे दुखणे, तंगाखाली चिघळलेली जखम किंवा पोटातील व्रण यांमुळेही घोडा नेमके असेच वागतो. तंग एका वेळी एकेक भोक पुढे घेत, मध्ये घोड्याला चार पावले चालवून आवळला, तर घोडी शांत राहते का, हे पाहावे. आपण विचारल्यावर शाळेने “ती तशीच आहे” एवढेच उत्तर दिले असेल, तर मला ते पुरेसे वाटत नाही.

भीमथडी_तट्टू:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक भर घालतो. पुण्यात रेसकोर्स असल्यामुळे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे) घोडे इथल्या शाळांमध्ये बरेच दिसतात. घोडा कुठून आला, त्याला नव्याने कोणी आणि किती काळ शिकवले, हे निःसंकोच विचारावे. शर्यतीच्या घोड्याला लगामाच्या ताणावर भार टाकून पळण्याची सवय असते. त्यामुळे घाबरलेल्या नवशिक्याने दोन्ही हातांनी लगाम ओढून धरला, तर तो थांबण्याऐवजी वेग वाढवण्याची शक्यता असते. नीट पुन्हा शिकवलेला थरोब्रेड अतिशय सौम्य असू शकतो, मात्र रेसकोर्सवरून नुकताच आलेला घोडा अकरा वर्षांच्या मुलीसाठी नव्हे. मारवाडी आणि काठियावाडी घोडेही भेटतील. आतल्या बाजूला वळलेल्या कानांच्या टोकांवरून ते लगेच ओळखू येतात. जातीपेक्षा त्या विशिष्ट घोड्याचा स्वभाव आणि शिक्षण पाहावे, असे माझे मत आहे. (भीमथडी या दख्खनी घोड्यांच्या जातीचे नाव घेऊनही हे सांगतो आहे, याची नोंद घ्यावी.)

पाषाणकर_आई:
दोघांचेही आभार. आणखी दोन शंका आहेत. यजमानांनाही शिकायचे आहे, त्यांचे वजन ९२ किलो आहे. आणि पावसाळ्यात वर्ग चालू ठेवावेत का?

खरारा:
स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. ४५० किलोच्या घोड्यासाठी ही मर्यादा ९० किलो होते आणि त्यातच खोगीरही आले. त्यामुळे यजमानांना मोठा, दणकट घोडा लागेल. नवशिका स्वार ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) पाठीवर आदळतो, म्हणून मर्यादेच्या बरेच आत राहिलेले बरे. शाळेने वजन विचारलेच नाही, तर ती गोष्ट लक्षात ठेवावी.

पावसाचे म्हणाल, तर पुण्यातील शर्यतींचा हंगामच पावसाळ्यात असतो. घोड्यांना पावसाचे वावडे नाही. प्रश्न निसरड्या मैदानाचा आणि ओल्या तबेल्याचा असतो. सतत ओलीत उभे राहिल्याने खुराच्या तळाचा मऊ, त्रिकोणी भाग कुजतो आणि त्याला उग्र दुर्गंधी येते. पावसाळ्यात एकदा खूर साफ करताना शेजारी उभे राहावे, नाकालाच कळेल. गणपतीचे ढोल आणि दिवाळीतील फटाके यांच्या दिवसांत मात्र शांत घोडाही बिचकू शकतो; त्या काळात शाळा वर्ग आवरता घेत असेल, तर फीबद्दल वाद घालू नये.

भीमथडी_तट्टू:
पुन्हा पाहायला जाल तेव्हा ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी, न कळवता जावे. एकच घोडा सलग किती स्वारांना दिला जातो, मधल्या वेळेत त्याला सावली, पाणी आणि गवत मिळते का, स्वार उतरताच तंग सैल केला जातो का, हे दुरून पाहावे. खोगीर काढल्यावर पाठीवरील घामाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा असावा. मध्येच कोरडे चट्टे किंवा पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर खोगीर तिथे दाबते आहे किंवा पूर्वी दाबत होते, असा संशय घ्यावा. नंतर साईसाच्या (घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या) परवानगीने पाठीवरून तळहात फिरवावा. घोडा पाठ खाली दाबून अंग चोरू लागला, तर त्या दिवशी मुलीला त्याच्यावर बसवू नये.